पट्ट्या बदलायचा मोसम

मार्च निम्मा सरला की माझ्या अंगठ्याची पेरं दुखायला लागतात. डॉक्टरांना दाखवून उपयोग नाही, कारण मला ठाऊक आहे. हरभरा घरात आलेला असतो, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि अशात खामगावहून सलीमभाईंचा फोन येतो. "भाभी, पट्ट्यांचं पाहून घ्या ना एकदा. हवा चालू झाली." हवा चालू झाली म्हणजे तापलेल्या वावरांवरून हवा वर चढायला लागली, घारी पंख न हलवता गोल फिरायला लागल्या, आणि आमचं ग्लायडर शेडमधून बाहेर काढायचे दिवस आले. यंदाही परवा फोन आला. मी म्हटलं, "सलीमभाई, आता होत नाही हो माझ्याच्यानं. थकले मी." ते म्हणाले, "हाव भाभी, बरोबर आहे तुमचं." पण मी जाणार हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

पिंपळगाव राजा गावाच्या अलीकडे माळावर एक मुरमाची धावपट्टी आहे. कपाशीवर औषध फवारणाऱ्या विमानासाठी कधीकाळी केलेली आणि मग तशीच पडून राहिलेली. तिथं एक टिनाचं शेड, जुन्या ट्रकच्या इंजिनावर चालणारी दोर ओढायची विंच, आणि दोन माणसांचं एक पांढरं ग्लायडर. म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दोरानं ओढून वर सोडायचं, मग ज्याचं त्यानं हवेच्या भरवशावर राहायचं. आजूबाजूच्या गावांत त्याला 'मुकं इमान' म्हणतात. हे, म्हणजे माझे यजमान, आणि सलीमभाई तरुणपणी पुण्याकडे जाऊन उडवायला शिकले आणि परत येऊन हा उपद्व्याप मांडून बसले. हे सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन, सलीमभाईंचं बेअरिंगचं दुकान. दोघांच्याही घरी हे वेड कुणाला समजलं नाही. मी शाळेत शिवण शिकवायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ह्यांनी मला काजं करताना पाहिलं आणि म्हणाले, "तू पट्ट्या लावशील का वं?" नवी नवरी काय म्हणणार? हो म्हटलं. तेव्हाच्या त्या 'हो'चं देणं अजून फेडतेच आहे.

पट्टी म्हणजे काय ते सांगते. ग्लायडरच्या पंखाच्या मागच्या कडेला एक लांब फळी असते, वरखाली हलणारी. शेपटालाही तशाच असतात. चालवणारा पुढं बसून दांडा हलवतो, आतल्या सळयांनी ती फळी हलते, आणि विमान वळतं, कलतं. आता फळी हलायची म्हटलं की पंख आणि फळी यांच्यामध्ये फट आली. बोटभरही नाही. पण त्या फटीतून खालची हवा वर शिरते, आणि ज्याचं पोटच हवेवर आहे त्याला ती गळती परवडत नाही. म्हणून ती फट झाकायची. आतून कापडी पट्टी, वरून पातळ प्लॅस्टिकची जराशी वाकवलेली पट्टी. ती फळीला टेकून राहिली पाहिजे, पण अडवता कामा नये. कुठं कड सुटली तर वर गेल्यावर शीळ वाजते. जास्तच सुटली तर फटीत अडकून फळीच धरून ठेवील, आणि मग देवाचं नाव घ्यायचं. एवढीशी चिकटपट्टी, पण तिच्यावर माणूस लटकलेला असतो. हे मी पहिल्या वर्षी ऐकलं तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं.

आमच्या वऱ्हाडाच्या उन्हात त्या पट्टीचा गोंद उन्हाळाभर वितळतो, त्यात धूळ बसते, पावसाळ्यात शेडमध्ये ओल धरते, हिवाळ्यात सगळं कडक होऊन बसतं. म्हणून दर मोसमाला तपासणी, आणि खराब झाल्या की बदली. काढायचं काम दुपारचं, लावायचं काम सकाळचं. हेअर ड्रायरनं गोंद मऊ करावा म्हणतात. आमच्याकडे ड्रायर आहे, लाइन कुठं असते? म्हणून पंख सरळ उन्हात ठेवायचा. दुपारी हात लावला तर चटका बसतो, पण पट्टी मऊ होऊन सुटायला लागते. घाई केली की पांढऱ्या रंगाचा पोपडा सोबत येतो, म्हणून अगदी आडवी धरून, तसूतसूनं ओढायची. मागं राहिलेला गोंद अंगठ्यानं घासून घासून गोळ्या करायच्या. थिनर चालत नाही, रंग मरतो. पेट्रोलचा बोळा फिरवायचा आणि परत अंगठा. संध्याकाळी भाकर मोडली तरी पेट्रोलचा वास येतो. ठेचाही त्याच वासाचा लागतो. आणि हे सगळं पंखावर पालथं पडल्यासारखं वाकून करायचं. कंबर तर कधीच गेली.

लावताना नवा माणूस एक चूक हमखास करतो. फळी सरळ ठेवतो आणि पट्टी ताणून, सुरकुती न पडू देता, छान सरळ चिकटवतो. दिसायला दृष्ट लागावी अशी! पण मग फळी खाली करायला जा, पट्टी तिला धरून ठेवते. खरी रीत अशी की फळी पूर्ण खाली दाबून धरायची आणि मग आतली पट्टी लावायची, म्हणजे तिच्यात सैलपणा राहतो. सरळ असताना ती जरा ढिली, गबाळी दिसते. दिसू दे. मी मुलींना काखेत कापडाची चौकट जोडायला शिकवायचे तेव्हा हेच सांगायचे, बायांनो, हात खाली असताना छान दिसतं म्हणून शिवू नका, हात वर करायचा आहे.

हे आता मैदानावर येत नाहीत. ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि मी परत आले की विचारतात, डाव्या पंखाचं टोक पाहिलं का, तिथं लवकर सुटते. पाहिलं, मी म्हणते. मग माठातलं पाणी पिऊन मीही तिथंच बसते. वर एखादी घार असते. हे तिच्याकडे पाहत राहतात आणि मी माझ्या अंगठ्याकडे.

त्या वर्षीचा मोसम मात्र विसरता येत नाही. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर एक अख्खा मोसम हे खाली बसून होते. पुढच्या मोसमात उडाले, पण मागच्या सीटवर सलीमभाई. आणि आता त्या वर्षी ह्यांना एकट्यानं जायचं होतं. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. आमच्या मैदानाचा नियम असा की सलीमभाईंनी हो म्हटल्याशिवाय कुणी एकटं जायचं नाही, आणि सलीमभाईही हो म्हणून चुकले होते. राहिले होते फक्त मी. मला कुणी विचारलंच नव्हतं.

"कायले जाता एकटे?" मी म्हटलं. "सलीमभाई मागं बसले तर काय बिघडते?"

"मागं कोणी असलं का मान अवघडते," हे म्हणाले. मग जरा वेळानं, "एक डाव जाऊ दे वं. पुन्हा म्हणणार नाही."

मला नको होतं. इतकी वर्षं मी खाली उभी राहून मान वर करून पाहिलं आहे. ठिपका लहान होतो, ढगाच्या कडेला जातो, दिसेनासा होतो. त्या भीतीची सवय होत नाही. मुलगी अकोल्याहून फोनवर म्हणायची, आई, बाबांना आवर. जसं काही माझ्या आवरण्यानं कुणी आवरलं आहे! पण एक सांगते, ऑपरेशननंतरचा तो मोसम, खाली बसून होते तेव्हाचा, तोही मी पाहिला होता. जेवायचे, झोपायचे, पेपर वाचायचे, आणि घरात माणूस नाही असं वाटायचं. म्हणून मी भांडायची तेवढी भांडले आणि गप्प बसले.

आदल्या वर्षीच्या पट्ट्या ह्यांनीच लावल्या होत्या. मी मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. ड्राफ्ट्समनचा हात, सरळ रेषेचं प्रेम. नेमकी तीच नवख्याची चूक करून बसले. फळी सरळ ठेवून एकेक पट्टी ताणून लावलेली, आरशासारखी. मोसमभर सलीमभाई म्हणत राहिले, दांडा जड लागतो, पण जुनं विमान आहे, लागणारच. त्या वर्षीही ते म्हणाले, "राहू द्या भाभी, पट्ट्या साबूत आहेत. पुढच्या साली पाहू." मला तर देव पावल्यासारखं झालं. पण हे ऐकेनात.

"बदलाच लागते," हे म्हणाले. "मी लावल्या त्या घट्ट लागल्या."

"सलीमभाई म्हणून राह्यले चालते, मंग तुमचंच काऊन अडून राह्यलं?"

"तू बदल. अन् नंतर हात लावून तूच पाह्य. सलीम नाही, तूच."

ते हात लावून पाहणं म्हणजे काय, तेही सांगते. काम झालं की एकानं आत बसून दांडा हलवायचा आणि दुसऱ्यानं बाहेर फळीवर सपाट तळवा दाबून धरायचा. आतून जोर येतो तो तळव्याला लागला पाहिजे, म्हणजे सळया जोडलेल्या आहेत, पट्टी कुठं अडत नाही, याची खात्री पटते. बाहेरच्यानं मोठ्यानं 'मोकळं' म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय विमान हलत नाही. हे काम कायम सलीमभाईंचं. मी पट्ट्या लावून हात धुवायचे. त्या वर्षी माझ्यावर का ढकललं ते कळेना, आणि विचारायचा कंटाळा आला होता.

तर त्या साली मी परत पालथी. शेडचं टिन सकाळीच तापलेलं, वारा बंद. हे बाजूला स्टुलावर बसून. एरवी कात्री द्या, बोळा द्या, पट्टीचं टोक धरा, सगळं करायचे. त्या वर्षी हात मांडीखाली घेऊन बसून राहिले. मी म्हटलं, "टोक तरी धरा की हो!" तर म्हणाले, "माया हातानं वाकडं होते." मला राग आला. आयुष्यभर शाईनं रेघा ओढलेल्या माणसाला पट्टीचं टोक धरता येत नाही म्हणे. निवृत्त झाल्यावर माणसं आयतोबा होतात, असं मी मनात म्हटलं. तसे त्यांचे लाड वाढलेच होते. दाढीला न्हाव्याकडे जायचे. चहा कपबशीत नको, स्टीलच्या गिलासात, तोही अर्धा, तोही कोमट झाल्यावर. बटणांचे शर्ट सोडून गळ्यातून घालायचे सदरे धरले होते. म्हटलं, घाला. धुवायला सोपे.

सगळ्या पट्ट्या लागल्या. गोंद फळीला धरू नये म्हणून आत टाल्कम पावडर मारून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या दोन पोरांना हाताशी घेऊन ग्लायडर ढकलत बाहेर नेलं. ऊन अजून कोवळं होतं, पण माळावर धुळीची एक भोवरी उठून गेली होती, म्हणजे हवा लवकरच चढणार. हे आत बसले, पट्टे बांधले. सलीमभाई पुढं दोराच्या कडीपाशी, एक पोरगा लांब विंचवर. मी डाव्या पंखाशी जाऊन फळीवर तळवा ठेवला.

"धरलं?" हे आतून म्हणाले.

"धरलं."

"ढकलतो."

जोर आला. फळी अगदी अलगद वर आली, माझ्या तळव्याला टेकली. कुठं अडकणं नाही, घासणं नाही. मनात म्हटलं, झक्क झालं काम. आणि तेवढ्यात तळव्याला काहीतरी लागलं. बारीक, सारखं, थांबत नसलेलं. आधी वाटलं विंचचं इंजिन चालू असेल. मान वळवून पाहिलं, इंजिन बंद होतं. मग वाटलं वारा असेल. वारा पडलेला होता. मी तळवा थोडा अधिक दाबला. ते दांड्यावरून, सळयांतून, एवढ्या लांब पंखातून माझ्यापर्यंत येत होतं. ह्यांचा हात थरथरत होता.

दाढी, चहा, सदरे, मांडीखालचे हात, सगळं मला त्या एका क्षणात कळलं. एका घरात राहून, एका ताटलीतली भाजी खाऊन मला दिसलं नव्हतं.

"भाभी, मोकळं आहे ना?" सलीमभाईंनी पुढून विचारलं.

काय सांगू? पट्ट्या मोकळ्या होत्या. माझ्या कामात खोट नव्हती. 'मोकळं' म्हटलं की हे एकटे वर जाणार. नाही म्हटलं की त्यांचं उडणं माझ्या तोंडानं संपणार. इतके दिवस मी नको नको म्हणत होते, आणि आता नको म्हणायला हातात धडधडीत कारण आलं, तर मला ते कारणच नको होतं. माझ्या जागेवरून ह्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसती टोपी.

"पट्ट्या मोकळ्या आहेत सलीमभाई," मी म्हटलं. "पण तुम्ही मागं बसा."

"काऊन? काय झालं?"

"बसा तुम्ही. ह्यांना एकटं नका सोडू."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. ह्यांनी मान वळवली नाही. सलीमभाई इतकी वर्षं ह्यांच्या मागं बसलेला माणूस. त्यांनी दोराचं काम दुसऱ्या पोराला सांगितलं, चप्पल झटकली आणि मागच्या सीटवर चढले. "चल बे," म्हणाले, "मले बी घरी काम नाही."

मी पंखाचं टोक धरून चार पावलं पळाले आणि सोडलं. ग्लायडर उचललं गेलं, दोर सुटला, आणि मग तो नेहमीचा शुकशुकाट. शीळ नाही की काही नाही. मी बाभळीच्या विरळ सावलीत जाऊन बसले. त्या दिवशी मान वर करून पाहिलं नाही. भीती अशी नव्हतीच. वाटत होतं, या माणसानं एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी सगळ्यांसमोर हिसकावून घेतली. तीही मुकाट दिली त्यांनी. निदान ओरडायचं तरी! मला रडूही येईना इतका शीण आला होता.

खाली आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सलीमभाई दोर आवरायच्या निमित्तानं लांब गेले, आणि हे हळूहळू चालत माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसले.

"कळलं ना तुले," हे म्हणाले.

"हाव. केव्हापासून आहे?"

"मागच्या मोसमापासून."

"अन् सलीमभाई मागं बसून राह्यले तर त्याईले कसं नाही कळलं?"

"पट्ट्या घट्ट होत्या ना. दांडा जागचा हलेच ना. सगळी थरथर तिथंच जिरून जाय. मले वाटलं, चुकलं ते बरंच झालं."

माझं डोकं फिरलं. ज्या एकटं जाण्याला मी इतकी भीत होते त्याचीच बाजू घेऊन मी भांडायला लागले. "मंग बदला कायले म्हटलं? राहू द्यायच्या होत्या तशाच! एकटे जाऊन आले असते. सलीमभाई तर राहू द्या म्हणतच होते."

"तेच तर करणार होतो," हे म्हणाले. "पण वर जाऊन काही झालं असतं, तर खाली तू उभी. मंग वाटलं, सांगून टाकावं. पण तोंडच उघडे ना. सलीमले सांगाले जाव तर तोंड उघडे ना, तुले सांगाले जाव तर उघडे ना. मंग म्हटलं, तुया हातालेच सांगू."

मला इतकी चीड आली की काय सांगू. त्या उन्हात मी कंबर मोडून गोंद घासत होते, आणि हे स्टुलावर बसून वाट पाहत होते. मी म्हटलं, "त्याच्यासाठी मले एवढं पालथं घातलं? अहो, घरी भाजी निवडता निवडता तुमचा हात धरला असता तरी कळलं असतं!"

"घरी तू माया हात कधी धरला?" हे म्हणाले.

तक्रार म्हणून नाही, सहज म्हणाले. मी आठवून पाहिलं. औषधं दिली, डबे दिले, टॉवेल दिला, रिपोर्ट हातात दिले. समोर माळ तापून हलत होता. सलीमभाई पाठ करून उभे होते आणि दोर कधीचा आवरून झाला होता. मी माझा पेट्रोलचा वास येणारा हात पुढं केला. त्यांनी आपला त्यात ठेवला, आणि तो थरथरत होता तसाच थरथरू दिला.